इश्माएलचा वाटा

६ एप्रिल १९९७, रविवार

डिर्क गुरुवारी येतोय. जर्मनीहून फोन आला, पोस्टातल्या बाईंनी घरी येऊन निरोप दिला, आणि तेव्हापासून आगाथा खिडक्या पुसत सुटली आहे. मी म्हणालो, "माझा भाऊ काय आपल्या खिडक्या बघायला येतोय?" ती म्हणाली, "त्याच्यासाठी नाही पुसत. मला बाहेरचं नीट दिसावं म्हणून पुसतेय." माझ्या बायकोचं टोचून बोलणं मला नेहमी उशिरा कळतं.

बाहेर बघण्यासारखं उरलंय काय? या किरगीझ मुलखातल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेकाळी आमचीच जर्मन माणसं राहत होती. पेनर, क्लासन, विलेम्स. थोडे म्हातारे सोडले तर एकेक करत सगळे जर्मनीला गेले. आमची मुलगी इर्माही नवऱ्याबरोबर गेली. तिच्या बाळाला आगाथाने फोटोतच काय ते पाहिलंय. आपणही जाऊ या म्हणून ती माझ्या मागे लागून लागून थकली. मी दर वेळी एकच सांगितलं, की देवाने मला इथे ठेवलंय.

आणि ते खरं आहे. पापा माझे वडील, तसे इथल्या ख्रिस्ती मंडळीचेही वडील, म्हणजे प्रमुख. सोव्हिएत काळात तुरुंगात जाऊन आले, पण मंडळी मोडू दिली नाही. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. येत्या पेंटेकॉस्टच्या सणाला ते जबाबदारी खाली ठेवणार आणि नव्या वडिलांच्या डोक्यावर हात ठेवणार. कुणाच्या, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. सांगायची गरजही नाही. थांबलेला मी एकटाच आहे.

१० एप्रिल, गुरुवार

डिर्क आला. आता तो तिकडे डीटर म्हणवून घेतो. दात नवे बसवलेत, त्यामुळे हसला की परक्यासारखा दिसतो. बूट असे, की आमच्या चिखलाकडे बघून मलाच संकोच वाटला. माझ्यासाठी त्याने कातडी जॅकेट आणलंय. मला सैल होतं. त्याच्या मापाचं आहे.

पापांनी दोन्ही हातांनी त्याचा चेहरा चाचपला. कपाळ, गाल, हनुवटी, सगळं. "बारीक झालास," म्हणाले. तो चांगला जाड झालाय. माझा चेहरा पापांनी असा कधी चाचपला नाही. अर्थात मी रोज समोरच असतो.

जेवणानंतर त्याला त्याचं जुनं घर बघायचं होतं. जाताना त्याने ते बोलोतला विकलं होतं. बोलोत किरगीझ आहे, जन्माने मुसलमान, दूध गोळा करायची गाडी चालवतो, बोलताना हातवारे फार. पापांनी त्याला कालव्यात बाप्तिस्मा दिला त्याला काही वर्षं झाली. गावातलं सर्वांत चांगलं घर त्याच्याकडे आहे, ही गोष्ट मला त्या दाराशी गेलो की दर वेळी नव्याने कळते.

बोलोतने डिर्कला वरच्या बाजूला मानाच्या जागी बसवलं. "घर तुमचंच आहे, मी राखण करतोय," म्हणाला. त्याची बायको गुलझान चहा ओतत राहिली, अर्धी अर्धी वाटी, त्यांच्यात पाहुण्याला हवा असला की ओततात तशी. मला वाटी पूर्ण भरून मिळाली. ती नंतर हसून म्हणाली की चुकून झालं. भरलेली वाटी म्हणजे आता उठा.

१३ एप्रिल, रविवार

आज उपदेश माझा होता. विषय मी आधीच ठरवला होता, डिर्क येणार म्हणून नव्हे.

अब्राहामाचे दोन मुलगे. मी सांगितलं, देव कंजूस नाही. इश्माएलला त्याने भरभरून दिलं. वाळवंटात पाणी दिलं, हातात धनुष्य दिलं, पोटी बारा सरदार दिले, मोठं राष्ट्र दिलं. तोही आशीर्वादच, पण मातीचा. माती देते आणि माती परत घेते. करार मात्र इसहाकाकडे गेला. कारण इसहाक बापाच्या तंबूत राहिला आणि इश्माएल निघून गेला. इथे मी थांबलो आणि डिर्क बसला होता त्या तिसऱ्या बाकाकडे बघितलं नाही. न बघायला बरेच कष्ट पडले.

मी जर्मनमध्ये बोलतो. पुढच्या दोन बाकांवर उरलेल्या आमच्या म्हाताऱ्यांना ते पुरतं. मागचे सगळे बाक आता किरगीझ बायकांनी भरलेले असतात, त्यांच्यासाठी बोलोत बाजूला उभा राहून किरगीझमध्ये सांगतो. आज तो अडखळला. "वतन घरात जन्मलेल्याचं," हे मी म्हणालो तेव्हा तो गप्पच झाला. मग मागच्या एका म्हातारीने मोठ्याने काहीतरी विचारलं. बोलोतने तिला उत्तर दिलं, ते माझ्या एका वाक्याला दहा. माझी किरगीझ बाजारापुरती, त्यामुळे काय चाललंय ते कळेना. पापा लहानपणी इथल्या मेंढपाळांत वाढले, ती भाषा त्यांना जर्मनइतकीच येते. ते मान डोलावत होते, हसत होते. उपदेश त्यांना आवडला असं दिसतं.

जेवताना मात्र ते एकच बोलले. "कॉर्नेई, इश्माएल निघून गेला नव्हता. त्याला हाकललं होतं."

"मुद्दा तो नव्हता, पापा."

"नसेल," म्हणाले आणि सूप मागितलं.

१५ एप्रिल, मंगळवार

डिर्क माझ्या मधपेट्यांजवळ येऊन बसला. माश्यांना तो लहानपणापासून घाबरतो, तरी आला.

"छान होता उपदेश," म्हणाला. "म्हणजे मी इश्माएल. घरात गरम पाण्याचे पाइप असलेला इश्माएल."

"मी कुणाचं नाव घेतलं नाही."

"कशाला घ्यायचं? पेनरची म्हातारी अख्खा वेळ मान वळवून माझ्याकडेच बघत होती."

मग बराच वेळ तो पेटीच्या तोंडाशी ये-जा करणाऱ्या माश्या बघत राहिला. म्हणाला, तो तिथे कारखान्यात सोफ्याला कापड ठोकतो. पोरं त्याच्याशी घरच्या बोलीत बोलत नाहीत, शाळेतल्या जर्मनमध्ये बोलतात आणि त्याच्या बोलण्याला हसतात. तिथली मंडळी मोठी आहे, गाड्या लावायला जागा आहे, पण पापांसारखी प्रार्थना करणारा तिथे कुणी नाही. "रात्रपाळीला ठोकताना मी मनातल्या मनात पापांचा आवाज काढून बघतो. हल्ली जमत नाही. तुला काय, तू रोज ऐकतोस." आणि विचारलं, "ते माझ्याबद्दल कधी काही म्हणतात?"

रोज म्हणतात. रोज सकाळच्या प्रार्थनेत पहिलं नाव त्याचं असतं. मी म्हणालो, "म्हणतात कधीमधी."

सगळं असून वर सहानुभूतीही हवी, असा माणसाचा स्वभाव.

१७ एप्रिल, गुरुवार

डिर्क गेला. निघताना पापांपुढे गुडघे टेकून बसला आणि आशीर्वाद मागितला. पापांनी त्याचं डोकं धरलं आणि प्रार्थना केली. त्याचं छप्पर, त्याचे गरम पाण्याचे पाइप, त्याचा हातोडा, त्याची कंबर, पोरांची शाळा, एकेक नाव घेऊन. टॅक्सीवाला दारात हॉर्न वाजवत होता.

मी नीट लक्ष देऊन ऐकलं. सगळ्या पृथ्वीवरच्या गोष्टी होत्या. त्याला तेवढंच दिलं. मोठं ते राखून ठेवलंय. तरी इतका वेळ लागायला नको होता.

डिर्क रडत होता. नवे दात असले तरी रडताना माणूस जुनाच दिसतो.

२७ एप्रिल, रविवार

ईस्टरपासून पापा थकलेत. हल्ली दुपारी काठी घेऊन एकटेच कुठेतरी जातात आणि संध्याकाळी बूट धुळीने भरून येतात. विचारलं तर म्हणतात, "पाय मोकळे करायला."

प्रार्थनाघर झाडायची पाळी आज माझी होती. पुढे वडिलांची खुर्ची आहे, क्लासनने जायच्या आधी करून दिलेली. तिची उशी झटकली. मग जरा टेकलो. उंची मला बरोबर आहे.

१० मे, शनिवार

हातावर डंख सुजलेत, तरी लिहितो.

सकाळी तिसऱ्या पेटीतलं मोहोळ उठलं. कलिंगडाएवढा गोळा आधी कुंपणावर बसला, मी टोपली आणेपर्यंत पुन्हा उडाला आणि पॉपलरांवरून घोंघावत गावाच्या वरच्या टोकाला गेला. मी टोपली आणि धूर करायचा डबा घेऊन मागे धावलो. बसला कुठे, तर बोलोतच्या परसात, जर्दाळूच्या झाडावर. माझ्या माश्यांनाही तेच घर सापडलं.

मागच्या फाटकातून आत गेलो. झाडाखाली त्यांच्या लाकडी बैठकीवर पापा बसले होते. समोर बोलोत, मांडी घालून. वर माझं मोहोळ लटकत होतं आणि दोघांपैकी कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं. पापा किरगीझमध्ये बोलत होते. बोलोतने काहीतरी म्हटलं आणि पापा हसले, असे खदखदून, की त्यांना खोकला आला. बोलोतने त्यांची पाठ चोळली. पापा मला घरी असे हसताना आठवत नाहीत.

मी खाकरलो. पापांनी मान वळवली. "कोण, कॉर्नेई? बरं झालं आलास. तुला आजच सांगणार होतो." आणि सांगितलं. चहाला बोलवावं तसं सांगितलं. पेंटेकॉस्टला हात बोलोतच्या डोक्यावर ठेवायचाय.

बोलोत उठून उभा राहिला. "बाइके," म्हणाला. ते लोक थोरल्या भावाला बाइके म्हणतात, मला तो पहिल्यापासून तसंच म्हणतो. "बाइके, मी नको म्हणालो होतो. तुमचं नाव मी सांगितलं होतं."

याची शिफारस घ्यायची वेळ माझ्यावर आली.

मी शिडी मागितली, मोहोळ टोपलीत झाडून घेतलं आणि निघालो. चार ठिकाणी डंख बसले. कळलंही नाही. फाटकाशी गुलझान भेटली. म्हणाली, बोलोतचे वडील वरच्या गावात अंथरुणाला खिळलेत, तो दोनदा जाऊन आला, थोरल्या भावाने दारातूनच परत पाठवलं. हे ती मला का सांगत होती कळेना. मी हो हो म्हणालो.

११ मे, रविवार

मंडळीत गेलो नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं. दुखतही होतं.

दुपारी आगाथाला म्हणालो, "चल, जाऊ या जर्मनीला. इर्माला कळव."

मला वाटलं होतं ती आनंदेल. ती पावासाठी कणीक मळत होती. मळतच राहिली.

"कधीपासून विनवतेय मी तुला?" तिने विचारलं. "दर वेळी तुला देवाची हाक होती. आता हाक कुठे गेली?"

"तुला जायचंय ना? मग झालं तर."

"मला जायचंय. इर्माच्या बाळाला मांडीवर घ्यायला जायचंय. तुझा राग विमानात बसवून न्यायला नाही जायचं." मग कणकेचा गोळा तिने असा आपटला, की कपाटातल्या बशा वाजल्या. "शरदात मी जाऊन येणार आहे. एकटी. तू तोवर ठरव, तुला देव हवाय की खुर्ची."

खुर्चीवर टेकलो होतो ते हिला कुणी सांगितलं कोण जाणे.

काल लिहिलं नाही ते आज लिहून ठेवतो. डिर्कला घर मिळालं, पाइप मिळाले, नातवंडं मिळतील. ते मी सोडलं, कारण मला दुसरं मिळणार होतं. आता दुसरं ज्याला मिळालं त्याचे आजे-पणजे तंबूत राहून मेंढ्या राखत होते, त्यांनी येशूचं नाव ऐकलेलं नव्हतं. आमचे पूर्वज या नावासाठी हॉलंडमधून हाकलले गेले, पोलंडमधून गेले, युक्रेनमधून इथे आले. पापा तुरुंगात बसले तेव्हा रोज त्यांच्यासाठी भाकरी घेऊन फाटकापर्यंत मी चालत जायचो. बोलोत नव्हता जात.

१३ मे, मंगळवार

पापांशी बोललो. सकाळी ते पायरीवर ऊन खात बसले होते. मी बरंच ठरवून गेलो होतो, पण तोंडून निघालं ते एवढंच, "पापा, माझ्यासाठी काहीच उरलं नाही का?"

"उरलं नाही म्हणजे? मी काय इथे पाव कापत बसलोय?"

"सगळे गेले. मी थांबलो."

"थांबलास खरा." त्यांनी चेहरा माझ्याकडे केला. त्यांचे डोळे आता दुधासारखे झालेत, पण तोंड समोर आलं की अजून भीती वाटते. "डिर्कला चांगलं घर हवं होतं. तसं तो सरळ म्हणाला आणि गेला. तुला खुर्ची हवी होती. तू तिला देवाचं नाव दिलंस. अरे, खुर्चीही लाकडाचीच आहे. क्लासनने केलीय, एक पाय आखूड आहे."

"आणि वतन?"

"ते तुला बाप्तिस्मा झाला त्या दिवशी सगळंच्या सगळं मिळालं. डिर्कलाही सगळं. बोलोतलाही सगळं. डिर्कचं घर मी तुला दिलं तर डिर्कला राहत नाही. हे तसं नाही. कितीही जणांना दिलं तरी तुझ्यातलं कमी होत नाही. म्हणूनच तुला त्याची किंमत वाटत नाही बहुतेक."

मी विचारलं, मग बोलोतच का.

तेव्हा त्यांनी त्या रविवारचं सांगितलं. माझं वाक्य ऐकून मागच्या म्हातारीने विचारलं होतं, "आम्हाला तर लहानपणापासून इश्माएलची लेकरं म्हणतात. म्हणजे आम्ही इथेही बाहेरचेच का?" आणि बोलोतने तिला सांगितलं होतं, की पोरगं झुडपाखाली तहानेने रडत होतं तेव्हा देवाने त्याचंच रडणं ऐकलं. त्याचं नावच देवाने ऐकलं असं आहे. ज्याचं रडणं देव ऐकतो, आजी, तो बाहेरचा कसा?

"मी त्या दिवशी ठरवलं," पापा म्हणाले.

म्हणजे माझ्या उपदेशाच्या दिवशी. माझ्या उपदेशातच.

पापांचं बोलणं ऐकायला बरं वाटतं. सगळ्यांना सगळं. पण खुर्ची एकच आहे, आणि तिच्यावर मी बसणार नाही.

१८ मे, पेंटेकॉस्ट

जायचं नाही असं काल ठरवलं होतं. सकाळी आगाथाने काळा कोट घासून खुंटीला लावून ठेवला आणि एकटी निघून गेली. शेवटी गेलो. लोकांनी माझ्या मागे बोलावं यापेक्षा समोर बोललेलं परवडलं.

प्रार्थनाघर बर्चच्या फांद्यांनी सजवलं होतं. बोलोत पुढे गुडघ्यांवर बसला. पापांनी हात ठेवला आणि म्हणाले, मंडळीतल्या भावांनीही ठेवावा. म्हातारे पेनर उठले, विलेम्सचा लंगडा उठला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. चालत जायला जरा वेळ लागला. माझा हात शेवटी पडला, सगळ्यांच्या हातांच्या कडेला, बोलोतच्या कानामागे जागा उरली होती तिथे.

त्याचे केस घामाने ओले होते. सबंध अंग कापत होतं, जड ट्रक जवळून गेला की खिडकीची काच थरथरते तसं. मला वाटलं होतं त्याला अभिमान वाटत असेल. तो पुटपुटला, "बाइके, हात काढू नका." पापांची प्रार्थना संपली, पेनरनी हात काढला, विलेम्सने काढला. मी लगेच काढला नाही. काढता आला असता.

मग तो किरगीझमध्ये बोलला. जर्मनमध्ये सांगायला आज कुणी उभं नव्हतं, त्यामुळे पुढच्या दोन बाकांना काही कळलं नाही, आणि मागच्या बायका पहिल्यांदाच बाजूला न बघता सरळ पुढे बघत ऐकत होत्या. मी स्वतः इथेच जन्मलो, पण त्यांच्या भाषेतल्या दूध, मेंढरू, किती, महाग, एवढ्याच शब्दांवर आजवर काढलं. आज एक शब्द जास्तीचा कळला. 'ऊक्तू', म्हणजे ऐकलं. तो त्याने पुन्हा पुन्हा वापरला.

मत्सर गेला असं लिहायला मला आवडलं असतं. खुर्चीवर तो बसला, ती एका पायावर लचकली, आणि मला बरं वाटलं.

२१ मे, बुधवार

पोस्टात डिर्कचा फोन आला. कुणावर हात ठेवला ते विचारलं. सांगितलं. 

"तुला वाईट वाटलं असेल," तो म्हणाला.

"हो," म्हणालो. भावाला खरं उत्तर दिल्याला बरेच दिवस झाले होते. मग तोंडातून निघून गेलं, "पापा रोज सकाळी पहिलं नाव तुझं घेतात. त्या दिवशी मी सांगितलं नाही."

नाक ओढल्याचा आवाज आला. पोस्टातल्या बाई माझ्याकडे रोखून बघत होत्या, म्हणून मी फोन ठेवला.

२९ मे, गुरुवार

सकाळी बोलोत दाराशी आला. टोपी हातात. त्याचे वडील काल वारले. म्हणाला, "बाइके, मला एकट्याला जायचा धीर होत नाही. अक्साकालांना एवढ्या वर नेता येणार नाही." पापांना तो अक्साकाल म्हणतो, त्यांच्यात मानाच्या म्हाताऱ्याला म्हणतात तसं.

मी माश्यांचं काम सांगणार होतो. पण आगाथाने मागून येऊन माझ्या हातात काळा कोट दिला.

दुधाच्या गाडीतून गेलो. वाटेत त्याने सांगितलं, जे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं, पण मी विचारलं नव्हतं. त्यांच्यात बापाचं घर धाकट्या मुलाला जातं. थोरले वेगळे होतात, धाकटा आईबापाजवळ राहतो आणि चूल त्याची होते. धाकटा बोलोत. घर, बाग, घोडे, टेकडीखालची चरायची जमीन, सगळं त्याचं होतं. बाप्तिस्म्यानंतर बापाने त्याची बिछानापेटी उचलून फाटकाबाहेर ठेवली. त्या आठवड्यात डिर्क घर विकत होता, बोलोतला कुठेतरी डोकं टेकायला जागा हवी होती. गावातलं चांगलं घर मिळालं म्हणून मी इतकी वर्षं ज्याच्यावर जळलो, त्याला ते असं मिळालं होतं.

"पस्तावलास कधी?" मी विचारलं.

"घोड्यांसाठी," तो म्हणाला. "आणि अब्बांसाठी रोज."

अंगणात तंबू उभा होता, आत बायका हेल काढून रडत होत्या. दाराबाहेर त्याचे भाऊ कमरेला पट्टे बांधून, काठ्यांवर वाकून ओळीने उभे होते, आणि येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर मोठ्याने बापाच्या नावाने रडत होते. बोलोत फाटकातून आत शिरला आणि त्याचाही हंबरडा फुटला. ओळीकडे निघाला, तसा थोरला भाऊ काठी आडवी धरून पुढे आला. त्याचं बोलणं मला शब्दशः कळलं नाही, पण कळायला काही अवघडही नव्हतं. तू आमच्या ओळीत नाहीस. भाकरी खा आणि जा.

बोलोत तिथेच उभा राहिला. थोरल्याने माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, हा कोण.

मी बाजारातल्या किरगीझमध्ये म्हणालो, "भाऊ. हा माझा धाकटा."

"मग घेऊन जा तुझ्या भावाला," तो म्हणाला.

आम्ही गेलो नाही. अंगणाबाहेर पाण्याच्या पाटाच्या पलीकडे उभे राहिलो. तिथून कुणी हाकललं नाही. मयत बाहेर काढलं तेव्हा बोलोत गुडघ्यांवर बसला आणि रडला. त्याच्या कमरेला पट्टा नव्हता. मी माझा काढून दिला. दिवसभर एका हाताने पँट धरून उभा होतो, पण तिथे हसणारं कुणी नव्हतं. आतल्या माणसांत एक म्हातारा होता, त्यांचा मामा असावा, त्याने बोर्सोकांनी, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांनी, भरलेलं फडकं पाटावरून आमच्याकडे दिलं आणि मागे न बघता आत गेला.

सगळे परतल्यावर आम्ही कबरस्तानात गेलो. माती अजून ओली होती. बोलोतने मूठभर उचलली, टाकली, आणि पुन्हा उचलून टाकली. मी शेजारी उभा होतो. माझ्या मनात आलं, याला द्यायला बापाकडे खूप होतं आणि त्यातली एवढी मूठच याच्या हाती लागली, तीही चोरून. माझा बाप घरी पायरीवर ऊन खात बसलाय आणि त्याने मला काय दिलं नाही ते मी एकोणीस दिवस मोजतोय.

प्रार्थना करायला बोलोतला जमेना. मी केली. जर्मनमध्ये सुरुवात केली आणि मध्येच थांबलो, मग किरगीझमध्ये जेवढे शब्द येत होते तेवढे लावले. चुकलो असणार. तो म्हणाला, कळलं.

परत आलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. आगाथा दारात उभी होती.

"इतका उशीर? कुणाबरोबर होतास?"

"भावाबरोबर."

"डिर्क?" ती गोंधळली. "डिर्कचा फोन आला होता?"

"नाही," मी म्हणालो.

तिने माझ्या पट्टा नसलेल्या कमरेकडे बघितलं. सूप गरम करायला आत गेली, आणि मी पापांशेजारी पायरीवर जाऊन बसलो. त्यांनी हात पुढे करून माझा चेहरा चाचपला, कपाळ, गाल, हनुवटी, आणि विचारलं, "रडलास का रे?"